अक्का, गोफणीचा दगड लागला नव्हता

अक्का, तुझ्या आमराईतला तो पक्षी पावशा नव्हता. शिकराच होता. चौदा वर्षं मी ही एक गोष्ट तुझ्यापुढे मान्य केली नाही आणि आज, तुला जाऊन पंधरा दिवस झाल्यावर, हार कबूल करतोय. तू असताना हे म्हणायला माझी जीभ कधी रेटली नाही. धाकट्या भावाचा एवढा माज तरी तू चालवून घेतलासच.

सुमी म्हणाली, "मामा, आईवर काहीतरी लिहा ना. तुम्ही लिहिता चांगलं." तुझ्या लेकीला कोण सांगणार, की वडीगोद्रीला माझ्या दुकानाबाहेरच्या फळ्यावर ‘बियाणं आलं आहे, खत संपलं आहे’ एवढंच माझं लेखन! तुझं लग्न कधी झालं, दाजी गेल्यावर कुंभार पिंपळगावचं बारा एकर रान तू एकटीनं कसं सांभाळलंस, सुमीला मंठ्याला कशी दिलीस, हे सगळं तेरवीला बोलून झालं आहे. पाहुण्यांनी तुला पार देवी करून टाकलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बास करा आता, वरण थंड व्हायलंय." मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती तुझ्या शिकऱ्याची आहे, दगडूबांची आहे आणि सगळ्यात जास्त माझी आहे. आठ वर्षं मी ती गिळून बसलो. सरळ सांगणं तू होतीस तेव्हा जमलं नाही, आताही जमत नाही, म्हणून थोडा लांबून येतो.

दाजी गेले त्याच्या पुढच्या चैत्रात तू मला तो पहिल्यांदा दाखवलास. मी दुकान बंद करून मोटारसायकलवर आलो होतो. तू आमराईत बाजेवर बसली होतीस, समोर निवडायला घेतलेली तूर तशीच पडलेली. मला बघून तोंडावर बोट ठेवलंस आणि मान वर केलीस. कबुतराएवढा राखाडी पक्षी, छातीवर तांबूस आडव्या रेघा. मी म्हणालो, "पावशा आहे. त्यात काय बघायचं?"

"पावशाला असे डोळे असतेत व्हय? इंगळावानी लाल हायेत, बघ जरा."

"अगं, पावशा शिकऱ्यासारखाच दिसतो. चिमण्या फसतात त्याला."

"चिमण्या फसत्यात, मंग तू बी फसला. आत्ता त्यानं सरडा नेला. पावशा सरडा खातो का कधी? बिलकुल न्हाई. सुरवंट खातो त्यो."

मी शेती-औषधांचा दुकानदार. कीड, पाखरं, उंदीर यातलं मला सगळं कळतं, असं मला वाटायचं. म्हणून मी मागे हटलो नाही. पुढे दरवर्षी आमराईत पाऊल टाकताना मी विचारायचो, "काय म्हणतोय तुझा पावशा?" आणि तू तूरडाळीची मूठ माझ्या अंगावर फेकायचीस. खरं सांगू? दुसऱ्याच वर्षी मला पटलं होतं. पण तुझं ते चिडणं मला हवं असायचं, कारण दाजी गेल्यापासून तू कशावरच चिडत नव्हतीस.

त्या पाखरांचं तुला किती कळत होतं, ते आता मोजदाद करायला बसलो तर माझ्या लक्षात येतं, की मला जे काही माहीत आहे ते सगळं तुझ्याकडूनच आलं आहे. नर लहान, लाल डोळ्यांचा. मादी त्याच्याहून थोराड, पिवळ्या डोळ्यांची. फाल्गुनात दोघं मिळून बाभळीच्या काटक्या मोडून आणायची आणि आमराईतल्या सगळ्यात उंच झाडाच्या, गोटीआंब्याच्या, शेंड्याजवळ घरटं घालायची. ते घरटं बघून तुझं डोकंच फिरायचं. "कावळ्याला बी लाज वाटंल असं घर! खालून उजेड दिसतो त्यातून." पण अंडी घातल्यावर मादी त्यावर जी बसायची ती हलायची नाही. शिकार सगळी त्यानं करायची. आणि शिकार घेऊन तो थेट घरट्यावर जायचा नाही. लांब वाळक्या फांदीवर बसून हाक द्यायचा. ती उठून यायची, त्याच्या पायातलं घ्यायची आणि परत. "संसार जमतो बघ त्यांचा," तू म्हणायचीस, "येक शब्द ज्यादा न्हाई."

विहिरीजवळ लिंबाचं एक तोडलेलं खोड होतं. तिथं बसून तो शिकार सोलायचा. पिसं, सरड्याची शेपटी, खारीचं एखादं पाऊल, असं काही ना काही तिथं पडलेलं असायचं. तू सकाळी चूल पेटवायच्या आधी ते खोड बघून यायचीस आणि येताना सांगायचीस, "आज चिमणी झालीय. काल नाकतोड्यावरच भागवलं व्हतं." शेजारपाजारच्या बायका एकमेकींना कालवण काय केलं विचारतात, तसं तुझं शिकऱ्याशी चाललेलं असायचं.

तो उडायचा कसा, हे बघायला तू मला शिकवलंस. तासभर पानात लपून बसायचा. राघू, सातभाई, खारी, सगळे बिनघोर. मग एकदम खाली घसरायचा, बांधाला धरून जमिनीलगत वीतभर अंतरावरून जायचा, आणि समोरच्या झाडाशी पोचला की सरळ वर. खाली जाताना दिसला तरच दिसला. तुझ्या तांबड्या कोंबडीची दोन पिल्लं त्यानं अशीच उचलली. गावातल्यांनी तुला सांगून पाहिलं, घरटं पाडा. तू पिल्लं डालग्याखाली झाकायला लागलीस आणि घरटं तसंच राहू दिलंस. "त्याच्या घरी बी तोंडं हायेत," एवढंच म्हणालीस.

एकदा आपण दोघांनी मिळून पाहिलं. मादीनं साळुंकी धरली होती, त्या खोडावर दाबून, आणि साळुंकी मेलेली नव्हती. ती ओरडत होती आणि ही पिसं उपटत होती. मी तोंड फिरवलं. तू बघत राहिलीस. मी चिडून विचारलं, "तुला काही वाटत नाही का गं?"

"वाटतं ना. लई वाटतं. पन ती काई लपवून करून न्हाई राह्यली."

मी तेव्हा हसण्यावारी नेलं. त्यानंतर कितीदा तरी हे वाक्य मला दुकानात, जेवताना, सुमीच्या लग्नात अक्षता टाकताना आठवलं आहे.

आपला दुसरा वाद अजून मिटलेला नाही. दरवर्षी येणारी जोडी तीच का? तू म्हणायचीस तीच. मी म्हणायचो, "कशावरून? रेशन कार्ड काढलंयस का त्यांचं?" मग तू मला त्याच्या डाव्या पायाचं बोट दाखवलंस. बाहेरचं बोट अर्धं तुटलेलं. सहा वर्षं तेच तुटलेलं बोट. मादीचं मात्र तू सिद्ध करू शकली नाहीस. तिथं मी जिंकलो, असं मी धरून चालतो.

आता दगडूबांकडे यायला हवं. तू त्यांना जितकी ओळखत होतीस तितकं मी नाही. माझ्यासाठी ते तुझ्या आंब्याचे राखणदार. फाल्गुनात मोहोर धरला की यायचे, आमराईत पाचटाची खोप घालायचे आणि ज्येष्ठात शेवटचा आंबा उतरवून जायचे. वयानं तुझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, तरी तुला अक्काच म्हणायचे. खांद्यावर गोफण. राघूंचा थवा कैऱ्यांवर उतरला, की नुसत्या गोफणीच्या फटकाऱ्यानं उडवायचे. गोटा क्वचितच सोडायचे, आणि सोडला तर सांगितलेल्या फांदीवर बसायचा. गोटीआंब्याच्या दिशेनं मात्र त्यांनी कधी हात उचलला नाही. "तिकडं आपली बाळंतीन हाय," म्हणायचे. साठीला टेकलेला माणूस, पण त्या झाडाच्या शेंड्यापर्यंत चढणारे गावात ते एकटेच. वर चढून, घरट्याला न शिवता आत डोकावायचे आणि वरूनच तुला बोटं दाखवायचे. तीन. कधी चार. तुमचं दोघांचं ते हसणं मी पाहिलं आहे. घरात बाळ आल्यावर माणसं हसतात तसं.

किल्लारीच्या भूकंपानंतरचा तो उन्हाळा. भुईमुगात उंदीर झाले होते. तू दुपारच्या एष्टीनं दुकानात आलीस, घामाघूम, पदरानं तोंड पुसत. "बापू, शेंगा पोखरून ठिवल्या रे सगळ्या. ते काळं औषध दे, पिठात कालवायचं."

ते काळं औषध संपलं होतं. आठ दिवसांनी माल येणार होता. आता यात अवघड काय होतं? ‘संपलं आहे’ म्हणायचं. फळ्यावर रोज लिहितोच की. पण दुकानात त्या वेळी चार गिऱ्हाईकं उभी होती आणि माझी थोरली बहीण कधी नव्हे ते माझ्याकडे काही मागायला आली होती. बापूच्या दुकानात सगळं मिळतं, हे मी दहा ठिकाणी सांगून ठेवलेलं. मी आत गेलो. कपाशीवर फवारायच्या औषधाचा मोठा डबा होता, त्यातलं खोकल्याच्या रिकाम्या बाटलीत ओतलं, वर बूच मारलं आणि तुझ्या हातात दिलं. ज्वारी त्यात भिजवून टाकली की उंदीर मरतात, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. अन् नुसते उंदीरच मरत नाहीत, हेही ठाऊक असतं. तू कपाशी लावत नव्हतीस, म्हणून तुला तो वास ओळखता आला नाही.

तू बाटली उजेडात धरलीस. "हे न्यारंच दिसतंय."

"नवीन आलंय. ज्वारी भिजव रातभर."

"पाखरांला काई व्हत न्हाई ना याच्यानं?"

"बिलकुल न्हाई. उंदराचंच औषध हाय ते."

अक्का, तू विचारलं होतंस. हेच मला सहन होत नाही. तू विचारलं नसतंस तर मी स्वतःला काहीतरी समजावलं असतं. तू नेमकं तेच विचारलंस आणि मी गिऱ्हाईकांकडे बघत, दात काढत, तुला खोटं सांगितलं.

तू तर बिचारी, तरीही जपून वागलीस. उघड्यावर दाणा टाकला नाहीस. बिळात घातलास, तोंडं चिखलानं लिंपलीस. पण उंदीर लिंपलेलं उकरून बाहेर येतात. औषध अंगात भिनलेला उंदीर भर दुपारी बांधावर लडबडत फिरतो, त्याला पळता येत नाही.

पाचव्या दिवशी तू पुन्हा आलीस. या वेळी दुकानात कोणी नव्हतं. तू काउंटरवर पदराच्या जुन्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलंस आणि गाठ सोडलीस. लाल डोळ्यांवर पडदा आलेला. डाव्या पायाचं अर्धं बोट. पंजे आत वळून मूठ गच्च आवळलेली, चोचीच्या कडेला फेस वाळलेला.

"विहिरीपाशी पडल्ता," तू म्हणालीस. "दोन दिस झाले, निस्ते उंदीरच आणून राह्यला व्हता. दगडूबा म्हनले, लई सोपी शिकार गावली गड्याला. बापू, तुला कळतं यातलं. कशानं मेला रे हा?"

मला कळतच होतं. अशा आवळलेल्या मुठी मी गिऱ्हाइकांच्या घरी मेलेल्या कोंबड्यांच्या पाहिल्या होत्या. मी ते पाखरू हातात घेतलं, उलटं केलं, छातीवरची पिसं फुंकून बघितली. डॉक्टर तपासतात तसं सगळं केलं. आणि म्हणालो, "गोफणीचा दगड लागलाय."

"रगत न्हाई कुठं."

"मुका मार आहे. आतून फुटलंय."

तू त्या पाखराचे पंख नीट मिटवलेस. मग गाठ बांधलीस. पाणीसुद्धा प्यायली नाहीस. मी दाराशी येऊन उभा राहिलो, तू एष्टीत चढलीस, एष्टी सुटली. तेव्हासुद्धा मला मोटारसायकल काढून पुढच्या थांब्यावर तुला गाठता आलं असतं.

संध्याकाळी तू दगडूबांना विचारलंस. ते तू मला नंतर सांगितलंस. तू विचारलंस, "तुमी गोटा मारल्ता का?" आणि ते गप्प राहिले. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत, खाली बघत राहिले. सहा वर्षं ज्या माणसाबरोबर बसून तू ते घरटं राखलंस, तो गप्प बसतो म्हणजे त्यानंच केलं, असं तुला वाटलं. कोणालाही वाटलं असतं. तू त्यांना सकाळी निघून जायला सांगितलंस. आंबे अजून झाडावर होते. त्यांनी खोप मोडली, पाचट रचून ठेवलं आणि गेले.

पुढचं मी स्वतः बघितलं नाही. पण तू सांगितलंस ते बघितल्यासारखंच आहे. नर गेल्यावर मादी शिकारीला उतरली. तिलाही सोपे उंदीर मिळाले. दोन दिवसांनी ती गोटीआंब्याखालीच पडली, मूठ आवळून. घरट्यात तीन पिल्लं. ती ओरडायची, तू खालून ऐकायचीस. त्या शेंड्यापर्यंत चढणारा गावात एकच माणूस होता, आणि त्याला तू घालवून दिलं होतंस. तू दोन पोरांना चढवून पाहिलंस, ती अर्ध्यावरून उतरली. शिडी पुरली नाही. पहिल्या दिवशी तीन आवाज होते, दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी तू सकाळी बाज उचलून घराकडे आणलीस आणि त्या उन्हाळ्यात आमराईत परत गेली नाहीस. आंबे ज्यांनी नेले त्यांनी नेले.

आणि मादीही तशीच, मूठ आवळून पडलेली, हे तू मला सांगितलंस तेव्हा मी काय म्हणालो, आठवतं? म्हणालो, "जोडीतलं एक गेलं की दुसरं झुरून मरतं." तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. तू दाजींच्या फोटोकडे बघितलंस. माझ्यावर वीज पडायला हवी होती तेव्हा.

त्यानंतर आठ वर्षं तू दर राखीला आलीस. माझ्या मनगटावर राखी बांधायचीस, पेढा भरवायचीस, आणि मग हळूच, "दगडूबा दिसला का रे कुठं?" मी नाही म्हणायचो. एकदा तू म्हणालीस, "मी लई जल्दी केली का बापू? मानूस वाईट नव्हता. त्याला नीट इचारायला पायजे व्हतं." माझ्या हातावर तुझा हात होता. मी म्हणालो, "न्हाई अक्का, तू बराबर केलं." चार खोट्यांमधलं हे सगळ्यात वाईट. पहिलं तोंडून निसटलं, पुढची दोन भीतीनं बोललो. हे मी शांतपणे, विचार करून बोललो.

त्या झाडावर पुन्हा जोडी आली नाही. तू दर चैत्रात जाऊन बघायचीस, मला माहीत आहे.

जालन्याच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी दिवसभर तुझ्याजवळ असायचो. सुमी डबा आणायला गेली की आपण दोघंच. मी ठरवून यायचो. आज सांगायचं. तुझ्या उशाशी बसायचो, तोंड उघडायचो आणि विचारायचो, "मोसंबी सोलू का?" तुझं अंग सुजलेलं, बोलताना धाप लागायची. मी मनाशी म्हणायचो, आता तिला कशाला त्रास. हे कारण किती सोयीचं होतं, ते मला तेव्हाही कळत होतं.

मग तूच बोललीस. "बापू, येक काम करशील? दगडूबाला गाठ. त्याला म्हनावं, त्या पाखराचा मला आता राग न्हाई. म्हनावं, अक्कानं सोडून दिलं."

मी मान हलवली. तू माझा हात दाबलास. दुसऱ्या दिवशी पहाटे तू गेलीस.

अक्का, तू मला कुठे आणून सोडलंस, तुला कल्पना नाही. ज्यानं काही केलंच नाही त्याला तू माफ केलंस, आणि तो निरोप पोचवायचं काम माझ्याकडे दिलंस. तेरवीपर्यंत मी जेवलो ते नावापुरतं. लोकांना वाटलं भाऊ फार खचला. सुमीनं पाठीवरून हात फिरवला. मी तिलाही काही सांगितलं नाही.

दगडूबांना शोधावं लागलं नाही. तेरवीला तेच आले. मांडवाच्या कडेला, चपलांजवळ बसले होते. मी ओळखलंच नाही आधी. पाठ वाकलेली, डोळ्यांत मोतीबिंदू, हातात काठी. मुलीकडे राहतात, मंठ्याच्या पलीकडे. दोन एष्ट्या बदलून आले. मी त्यांना उठवून आमराईत घेऊन गेलो, विहिरीच्या कठड्यावर बसवलं.

मी ठरवलं होतं, आधी माझं सांगायचं. अगदी पहिलं वाक्यसुद्धा पाठ करून ठेवलं होतं. आणि तोंडातून निघालं ते सोपं होतं तेच. म्हणालो, "दगडूबा, अक्कानं निरोप ठेवलाय. तिला त्या पाखराचा राग नाही. सोडून दिलं म्हणाली."

त्यांनी काठी खाली ठेवली. दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडायला लागले. सत्तरीतला माणूस, खांदे गदागदा हलत होते. जरा वेळानं म्हणाले, "मंग सुटलो म्या. बापू, तुमाला सांगतो, आजवर कुनाला सांगितलं न्हाई. त्या दिशी सकाळी म्या राघूवर येक गोटा सोडल्ता. पानात घुसला. खाली पडल्याचा आवाजच आला न्हाई. लई हुडकला, घावला न्हाई. अन् दुपारी ते पाखरू पडल्यालं दिसलं. अक्कानं इचारलं तवा काय बोलू? न्हाई कसं म्हनू? मलाच म्हाईत नव्हतं. त्याच दिशी गोफन चुलीत घातली. पुन्ना कुनाची राखन केली न्हाई. हात उचलंना."

आठ वर्षं, अक्का. मी त्यांना एक खोटा दगड चिकटवला आणि त्यांच्याकडे आधीच एक खरा, न सापडलेला दगड होता. म्हणून ते गप्प राहिले. मी म्हणायचो, चला, राखणदाराला काय, दुसरं रान मिळेल. त्यांनी हातच खाली ठेवला होता.

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. खोकल्याची बाटली, कपाशीचं औषध, तू काय विचारलंस, मी काय म्हणालो, आवळलेल्या मुठी, फेस, मुका मार. म्हणालो, "दगडूबा, तुमचा गोटा त्या पाखराला शिवलासुद्धा नाही. मी मारलं ते. दोघांना आणि तिन्ही पिल्लांना. आणि अक्काला खोटं सांगून तुमच्यावर घातलं."

ते ऐकत होते. मान डोलावत होते. लहान पोर काही सांगत असलं की म्हातारी माणसं डोलावतात तशी. माझं संपल्यावर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बापू, तुमी लई मोठ्या मनाचे हायेत. माझं वझं उतरावं म्हनून सोताच्या अंगावर घेऊन राह्यले. अक्काचे भाऊ शोभता."

"दगडूबा, खरं सांगतोय मी. अक्काची शपथ."

"असं मेलेल्या मानसाची आन खाऊ नका. ते बी माझ्यासारख्यापायी. तिनं सोडून दिलं ना, मंग झालं. मला आता काई नको."

मी त्यांचा हात धरून पुन्हा सुरुवात केली. त्यांनी मला बोलू दिलं नाही. काठी उचलली, उठले, एष्टीची वेळ झाली म्हणाले. दोन पावलं गेले आणि परत आले. मला वाटलं, आता विचारतील, खरंच का बापू? ते वाकले. मी मागे सरायच्या आत त्यांचे दोन्ही हात माझ्या पायांवर होते. अक्का, ते माझ्या पाया पडून गेले.